नोराबाईंची मेहल

नोराबाईंनी तो शब्द मला सात वेळा म्हणायला लावला. माझ्या एका हातात रक्तदाब मोजायचा पट्टा होता, दुसऱ्या हातात गोळ्यांची डबी, आणि त्या उशीला टेकून चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

“मेहल,” मी म्हणाले.

“ह मोकळा सोड. गिळू नकोस.”

“मेहल.”

“आता जमलं. आयरिशमध्ये लिहिताना त्यात आठ अक्षरं येतात. त्यातली निम्मी नुसती बसायला आलेली असतात, त्यांची काळजी करू नकोस.”

मी त्यांचा दंड पुढे ओढला आणि पट्टा गुंडाळला. त्यांनी दंड दिला, पण शब्द काही सोडला नाही. चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेल्या बाई त्या. वय चौऱ्याऐंशी, हृदय थकलेलं, पायांवर सूज, तरी शिकवायची खोड गेली नव्हती. आमच्याकडे मास्तरणीला बाई म्हणतात, असं मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तेव्हापासून मी त्यांना बाईच म्हणायचे. त्या बदल्यात त्यांनी माझं नाव शिकून घेतलं. चांगुणा. आयर्लंडात त्या नावाची सगळ्यांनी वाट लावली होती, इस्पितळात तर मी नुसती ‘चॅन’ होते. बाईंनी मात्र दोन दिवस घोकून ‘णा’सुद्धा बसवला.

याला आता बावीस वर्षं झाली. मी तळप्यांची, आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरच्या डोंगराकडे आमचं गाव. पुण्यात नर्सिंग केलं, मग आयर्लंडला नर्सा हव्यात असं कळलं तशी गेले. दोन वर्षं गॉलवेच्या इस्पितळात काढली आणि तिथून समुद्राच्या काठावरच्या या एवढ्याशा गावात, घरी राहून बाईंची देखभाल करायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा, टॉम, आठ वर्षांपूर्वी गेलेला. बोस्टनला एक भाची होती, तिनेच मला ठेवलं होतं. ती दर रविवारी फोन करायची आणि हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायची.

बाईंच्या खिडकीतून उतारावरची सात घरं दिसायची. सात घरांच्या सात चिमण्यांतून धूर निघायचा, कुत्री भुंकायची, पण अकरा महिन्यांत त्यातल्या एकाही घरातलं माणूस आमच्या दारात आलं नव्हतं. पोस्टमन यायचा आणि महिन्यातून एकदा पाद्री. मला वाटलं, या लोकांची रीतच कोरडी असेल.

“मेहल म्हणजे काय ते विचार की,” बाई म्हणाल्या.

मी विचारलं. त्यांनी सांगितलं, की फार जुन्या काळी तो शब्द पीक कापणाऱ्यांच्या टोळीचा होता. लॅटिनमध्ये कापणीचा जो शब्द आहे तो याचा लांबचा भाऊ, आणि पलीकडच्या वेल्समध्ये याची सख्खी बहीण नांदते. पुढे कापणी मागे पडली आणि कोणत्याही कामाला शेजारीपाजारी एकत्र आले की त्यांना मेहल म्हणायला लागले. गवत कापायचं असो, दलदलीतून सरपणासारखी जळणारी माती काढायची असो, बटाटे काढायचे असोत. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, जेवण ज्याचं शेत त्याचं.

मी हसायला लागले. बाईंना वाटलं, मी थट्टा करतेय.

“बाई, हे आमच्याकडे आहे,” मी म्हटलं. “पडकई म्हणतात.”

मग मी त्यांना आमच्या डोंगरउतारावरची भातखाचरं सांगितली. दगड रचून बांध घालायचे, माती ओढून सपाटी करायची. एका घराने जन्मभर केलं तरी ते उरकणार नाही. म्हणून सगळी वाडी एकेका घराकडे जाते. आदल्या दिवशी ज्याच्याकडे काम असेल त्याच्या घरची बाई दारोदार फिरून सांगून येते. लहानपणी आई मलाच पिटाळायची, “उद्या आमच्याकडं पडकई हाय, समद्यांनी या, म्हणून सांगून ये जा.” मी उड्या मारत सांगत फिरायचे.

बाईंचे डोळे चमकले. पडकई स्त्रीलिंगी का पुल्लिंगी, असं त्यांनी तत्काळ विचारलं. ती पडकई, मी म्हटलं. मेहलही ती, त्या म्हणाल्या, आणि स्त्रीलिंगी म्हणून तिच्या आधी ‘ती’ अशा अर्थाचा शब्द लावला की तिचा म मऊ पडून व होतो. अन वेहल. षष्ठीत गेली की आणखी आक्रसते, मेहले होते. पडकईचं मूळ काय, हे त्यांनी विचारलं तेव्हा मात्र मी डबीतल्या गोळ्या मोजायला लागले. मला आजही ते नीट सांगता येत नाही. स्वतःच्या शब्दाचं मूळ माहीत नाही आणि लोकांचे रक्तदाब मोजत फिरतेस, असं त्यांनी सुनावलं. रक्तदाब त्या दिवशी चांगला होता.

त्या दिवसापासून आमच्यात मेहल म्हणजे पडकई आणि पडकई म्हणजे मेहल, असा हिशेब पक्का झाला. दोन शब्द जुळले की दोन गावं जुळली, असं मला वाटलं. माझी खरी चूक तिथेच झाली, पण ती कळायला अजून वेळ होता.

ऑक्टोबरात बाईंचं पोट पाण्याने भरायला लागलं. डॉक्टर येऊन गेला. इस्पितळात न्यायचं का, असं त्याने विचारलं, बाई नाही म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही, कारण तिथे काय होणार हे मला माहीत होतं. त्या दुपारी त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि सात घरं आमच्याकडे का येत नाहीत ते सांगितलं.

एकाहत्तर सालचा जुलै. टॉमने गावात पहिल्यांदा गवताच्या गाठी बांधायचं यंत्र आणलं होतं. त्या शुक्रवारी मेहल सात घरांतल्या कोलमच्या बापाच्या शेतावर ठरलेली. सकाळी समुद्रावर ढग दिसले, आणि टॉम तिकडे जायचा तो आपल्याच शेतात यंत्र घेऊन उतरला. दुपारपर्यंत त्याचं गवत आत गेलं. त्याच्या मागे आणखी दोघांनी आपापलं बघितलं. मग सात दिवस पाऊस लागला आणि कोलमच्या बापाचं गवत जागेवर कुजलं. हिवाळ्यात त्याला गाई विकाव्या लागल्या. भांडण असं झालं नाही. नुसतं टॉमला कोणी मेहलला सांगेना, आणि टॉमही कोणाला सांगेना. बाई शाळेत कोलमच्या मुलांना शिकवत होत्या, पोरांच्या वह्या तपासत होत्या, पण त्या घराचा उंबरा त्यांनी पुन्हा ओलांडला नाही.

“सगळ्यात शेवटची मेहल थडग्याची असते,” बाई म्हणाल्या. “इथे थडगं शेजारी खणतात. सकाळी फावडी घेऊन येतात आणि खणतात. टॉम गेला तेव्हा मी त्याच संध्याकाळी खणायच्या यंत्रवाल्याला फोन केला. कोणी आलं नसतं तर मला ते बघवलं नसतं.”

मी त्यांचे पाय दाबत होते. सूज एवढी होती की बोटांचे खळगे तसेच राहत होते.

“माझ्या वेळी लगेच यंत्र नको,” त्या म्हणाल्या. “दफनाच्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत वाट बघ. आले तर आले. नऊ वाजले आणि कोणी नसलं, तर बोलाव त्याला. तेव्हा मला काही बघायला लागणार नाही.”

औषधाची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं, पण पांघरुणाची कड मुठीत घट्ट धरलेली होती. मरणाला त्या भीत नव्हत्या, इतकी माणसं जाताना बघितल्यावर मला ते ओळखू येतं. त्यांना भीती होती ती त्या सात घरांची.

मला रडू आलं. माझे वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. खांदा द्यायला चार वाड्या लोटल्या होत्या, असं भावाने फोनवर सांगितलं. मी तेव्हा गॉलवेला दुसऱ्याच कोणाच्या बापाला आंघोळ घालत होते. ते दुःख मला कुठे ठेवावं कळत नव्हतं, आणि इथे ते ठेवायला जागा मिळाली असं वाटलं. नसती उठाठेव करायची सवय तर मला आधीपासूनच होती.

आमच्याकडेही मयताला आवतण नसतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी मयताचा विचार करतच नव्हते. माझ्या डोक्यात पडकई बसली होती. खणायचं काम आहे, माणसं लागणार आहेत, तर घरच्या बाईने दारोदार जाऊन सांगून यायचं. या घरात चालतीफिरती बाई मीच होते. दुसऱ्या दिवशी बाईंना दुपारची झोप लागल्यावर मी गमबूट चढवले आणि उतारावरून निघाले.

पहिल्या घरात मला आत बसवलं आणि चहा दिला. मी सरळ विषयाला हात घातला. बाई आता थोड्या दिवसांच्या सोबती आहेत, म्हटलं. त्या गेल्या की थडगं खणायला तुम्ही याल का? घरातली बाई एकदम उभी राहिली आणि साखर हवी का विचारायला लागली. नवरा उठून कोंबड्या बघायला गेला. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यात म्हाताऱ्याने रेडिओ मोठा केला. सात घरं फिरले, पाच ठिकाणी चहा प्यायले, आणि एकाही तोंडातून हो नाही की नाही नाही. सगळे मूग गिळून बसलेले.

कोलमचं घर मी शेवटी ठेवलं होतं. सत्तरीचा उंच माणूस, गोठ्याच्या फाटकाला बिजागरी ठोकत होता. मी विचारलं तसा हातोडा थांबला. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला, मग समुद्राकडे बघितलं.

“पाऊस येईल असं दिसतंय,” तो म्हणाला.

“मी तुम्हाला काहीतरी विचारलंय,” मी म्हटलं.

“तुला भिजायला होईल. घरी जा.”

वर चढताना मी रागाने भराभर पाय टाकत होते. तीस वर्षांपूर्वीच्या गवतासाठी मरणाऱ्या बाईवर डूख धरणारी माणसं, असं मनात म्हणत होते. आपण हात दाखवून अवलक्षण करून आलो आहोत, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

बाई जाग्या होत्या. बूट चिखलाने भरलेले बघून कुठे गेली होतीस म्हणाल्या. थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या असत्या तर मी खरं सांगून बसले असते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला ते जमलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं पुष्कळ खोटं बोलले होते. ताप उतरतोय, आज रंग बरा दिसतोय. ते खोटं औषधासारखंच द्यायचं असतं, असं मी समजत होते.

“सगळ्या घरी जाऊन आले, बाई,” मी म्हटलं. “विचारलं सगळ्यांना. तुमच्या वेळी येणार म्हणाले.”

“विचारलंस?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“कोलमलासुद्धा?”

“कोलमलासुद्धा.”

“काय म्हणाला तो? त्याचे शब्द सांग मला.”

“म्हणाला, येईन. नक्की येईन.”

त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं नव्हतं ते. रागही नव्हता. मग त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

“दमली असशील,” त्या म्हणाल्या. “बूट काढ आधी.”

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळी रोजचा शिकवायचा शब्द झाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी ‘अन वेहल’ मुद्दाम चुकीचं म्हणून बघितलं, त्यांनी दुरुस्त केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लापशी भरवताना त्या एवढंच म्हणाल्या, की यंत्रवाल्याचा नंबर तुझ्याजवळ ठेव. आणि नऊपर्यंत थांबायचं काही कारण नाही, लवकरच बोलाव, सगळ्यांचंच काम उरकेल. मला नवल वाटलं. सगळे येणार म्हणून सांगितलं तरी ही बाई यंत्र का मागते? म्हातारपणी माणूस काहीही बोलतं, असं म्हणून मी वाटी विसळायला नेली.

बाई एका बुधवारी सकाळी गेल्या. मी हात धरून बसले होते. शेवटचे आठ दिवस त्या माझ्याशी जेमतेम बोलल्या, त्यात तक्रार एकही नव्हती.

मग घराचं दार उघडं राहिलं आणि माणसं यायला लागली. गुरुवारी दुपारपर्यंत सातही घरं येऊन गेली. बायकांनी सँडविचची ताटं आणली, भांडी धुतली, बाईंच्या शवपेटीजवळ बसून जप केला. पुरुष माझा हात हातात घेऊन, तुझ्या दुःखात आम्ही आहोत, असं पुटपुटून बाहेर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, तोंडदेखलं आलेत. थडग्याचं नाव कोणीच काढलं नाही, आणि पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. कोलमही आला. पेटीशी टोपी काढून उभा राहिला आणि गेला.

शुक्रवारी बारा वाजता दफन होतं. मी आठ वाजता दफनभूमीकडे निघाले, नंबराची चिठ्ठी कोटाच्या खिशात घेऊन. बाईंनी लवकर बोलाव म्हटलं होतं, पण माझ्याच्याने नऊच्या आत फोन होईना. वळणावर आले तेव्हा फावड्याचा दगडावर आपटल्याचा आवाज ऐकू आला.

अकरा माणसं होती. सातही घरांतली. टॉमच्या थडग्याशेजारी कमरेइतका खड्डा झालेला, आत कोलम आणि त्याचा मोठा मुलगा, बाकीचे काठावर माती ओढत होते. भिंतीवर व्हिस्कीची बाटली आणि एकच पेला ठेवलेला. कोणी फारसं बोलत नव्हतं. मी फाटकाशीच उभी राहिले, आणि आनंदाने खिशातली चिठ्ठी चुरगळून टाकली.

कोलम वर आला, हात पुसले आणि माझ्याजवळ आला.

“तुम्ही आलात,” मी म्हटलं. “मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“कोण बोलेल?” तो म्हणाला. त्याला नवल वाटलं होतं. “जित्या माणसाच्या थडग्याला हो म्हणायचं? इथे असं कोणी म्हणत नाही. ते त्याचं मरण मागितल्यासारखं होतं. गवताच्या मेहलला बोलावतात. हिला बोलावत नाहीत, आणि कोणी विचारलंच तर उत्तर देत नाहीत. आपण नुसतं यायचं असतं.”

मी खड्ड्याकडे बघितलं.

“टॉमच्या वेळीही आलो होतो,” तो म्हणाला. “हेच सगळे, आणि माझा बापही. एवढ्याच वेळेला. बघितलं तर यंत्राने खड्डा करून ठेवलेला. त्या भिंतीपासूनच परत गेलो.”

“बाईंना हे माहीत नव्हतं.”

“नव्हतं.”

“तुम्ही सांगितलं नाहीत कधी?”

“कसं सांगणार? आलो होतो, तू दार लावलंस, असं बाईमाणसाला सांगायचं?” त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. “तिने माझ्या चारही पोरांना लिहायला शिकवलं. ती गेली आणि आम्ही येणार नाही, असं तिला वाटलं असेल का कधी?”

मला ते आत ठेवता आलं नाही. मी म्हटलं, “मी त्यांना सांगितलं, की सगळे हो म्हणाले. तुमचे शब्द त्यांनी विचारले. मी सांगितलं, कोलम म्हणाला, येईन, नक्की येईन.”

कोलमने माझ्याकडे बघितलं. काठावरची फावडी चालू होती, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

“असं सांगितलंस?” तो हळू आवाजात म्हणाला. “ती इथलीच होती, पोरी. इथे असे शब्द कोणी बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं. खोटं आहे हे तिला त्याच वेळी कळलं असणार.”

पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. मी खोटं का बोलतेय, याचा अर्थ बाईंनी एकच लावला असणार. सातही घरांनी नाही म्हटलं. म्हणून भिंतीकडे तोंड, म्हणून यंत्रवाल्याचा नंबर. मी त्या उतारावरून खाली गेले नसते, तर कोणी येईल का, एवढी शंका घेऊन त्या गेल्या असत्या. मी ती शंकाही काढून घेतली. आणि तरी माझ्या हातावर त्यांनी थोपटलं होतं.

कोलम माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या खांद्याला नुसता हात लावून परत खड्ड्यात उतरला. दुसऱ्या कोणाला त्याने ते सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही, असं मला वाटतं.

मी पळतच घरी गेले. पेटी अजून स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत उघडीच होती. दोन माणसं झाकण धरून उभी होती, कोणाला शेवटचं बघायचंय का, असं विचारत. मी पुढे झाले आणि बाईंच्या कानाशी वाकले.

“बाई, आले हो,” मी मराठीतच म्हटलं, मग इंग्रजीत म्हटलं. “मी खोटं बोलले होते. पण ते आले. कोणी सांगितल्यावरून नाही, आपणहून आले. टॉमच्या वेळीही आले होते.”

मग मी नावं घेतली. कोलम. कोलमचा मोठा मुलगा. पहिल्या घरातला, कोंबड्यांकडे गेलेला मायकल, आणि त्याचा भाऊ. रेडिओ मोठा करणारा म्हातारा, त्याचे दोन जावई. ज्यांची नावं येत नव्हती त्यांची घरं सांगितली. अकराही जण सांगितले, मधे चुकले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजले. झाकण धरलेली माणसं थांबून राहिली, त्यांनी घाई केली नाही.

बाईंचं कपाळ गार होतं. माझं सांगून झालं, मी बाजूला झाले, आणि त्यांनी झाकण लावलं.